आयपॅड की अँड्रॉइड टॅब? मराठी-कन्नड दोन्ही लागतं

खानापूरकर: घरात एकच टॅब घ्यायचाय. मुलीचा अभ्यास, आईला पेपर, मला शेताचा कन्नड उतारा बघायला. यूपीआय चाललं तर बरंच. काय घेऊ?

निपाणीवाला: यूपीआयचं आधी बघा, फसगत तिथंच होते. नोंदणीला ॲप बँकेत दिलेल्या नंबरावरून एसएमएस पाठवतं. म्हणजे नुसता वाय-फायचा टॅब बाद. सिमचा आयपॅडही बाद, त्याच्या सिमवर फक्त डेटा चालतो. अँड्रॉइडमध्येही कॉल-एसएमएस चालतात का ते दुकानात सिम घालूनच बघा. खरं तर यूपीआय फोनवरच राहू द्या की.

कन्नड दोन्हींत चालतं. अँड्रॉइडवर जीबोर्डच्या (गुगलचा कीबोर्ड) सेटिंग्जमध्ये भाषा, मग 'कीबोर्ड जोडा'; स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. आयपॅडवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड. भाषा बदलायला पृथ्वीगोलाचं बटण. नुडी या जुन्या कन्नड फाँटमधली वर्ड फाइल मात्र दोन्हींवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा.

टिळकवाडी_टेक: तिघांत एक टॅब म्हणजे वेगवेगळी खाती हवीत. अँड्रॉइडमध्ये बऱ्याच टॅबना ती सोय आहे (सगळ्या कंपन्या देत नाहीत), घरगुती आयपॅडवर नाहीच. रॅम ६ जीबीच्या खाली नको. आयपॅडला मेमरी कार्ड बसत नाही, म्हणून १२८ जीबी तरी घ्या. मुलगी पेननं लिहिणार असेल तर मात्र आयपॅडच. ॲपलची पेन्सिल (आयपॅडचं पेन) कुठल्या मॉडेलला चालते ते आधी जुळवा.

खानापूरकर: पेन लागणार नाही. मग सिमवाला अँड्रॉइडच.