बॅन्ड, वाद्यं आणि परदेशवारी : जाणकारांनी लिहा (अनुभव धागा)

तापीकाठ
माळा आवरताना गिटारची जुनी पेटी खाली आली. हँडलला विमानतळाचा कागदी पट्टा अजून चिकटलेला, शाई उडालेली. झाकणाच्या आतल्या बाजूला सेलोटेपने लावलेली यादी मात्र शाबूत: वस्तू, मेक, सिरियल नंबर, वजन, किंमत. ती वाचून वाटलं की हा धागा काढायलाच हवा. जळगाव-धुळ्याकडची रॉक वाजवणारी पोरं हल्ली बाहेरच्या फेस्टिवलचं विचारायला लागली आहेत, आणि जिथे तिथे पहिला प्रश्न व्हिसाचा असतो. माझ्या मते सुरुवात या यादीपासून करा.

एका बैठकीत करा, प्रत्येक वस्तू हातात घेऊन. इलेक्ट्रिक गिटारचा नंबर हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात तो शेंडा) मागे किंवा नेक म्हणजे मान जिथे बॉडीला बसते त्या पट्टीवर. पेडलचा (पायाने दाबून आवाज बदलायची डबी) तळाला, ॲम्पचा (आवाज मोठा करणारा खोका) मागच्या पत्र्यावर. स्नेअरवर (ड्रमसेटमधला कडकडीत वाजणारा ड्रम) नंबर नसेल तर शेलच्या म्हणजे पिंपाच्या आतून पक्क्या मार्करने स्वतःची खूण टाका आणि यादीत तीच लिहा. नंबर दिसेल असा फोटो हवाच. किंमत आजच्या बाजारभावाने लिहा, हौसेची नको. कस्टम, विमा, एअरलाईन, पोलीस, सगळीकडे हीच यादी मागतात. आकडे सगळीकडे एकसारखे असतील तर काम पाच मिनिटांचं.

बाकीचं तुम्ही सांगा.

भुसावळ_यार्ड
कार्नेट. त्याचं पूर्ण नाव एटीए कार्नेट, वाद्यांचा पासपोर्टच समजा. भारतात फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. सामान तात्पुरतं नेतोय, परत आणणार आहे, याची हमी. म्हणून तिथे ड्युटी लागत नाही.

आतल्या पानांचे रंग ओळखा. पिवळी आपल्या देशातून बाहेर पडताना आणि परत येताना, पांढरी त्या देशात शिरताना आणि निघताना, निळी नुसतं मधून जायचं असेल तर. प्रत्येक ठिकाणी शिक्का. गोंधळ बहुतेक वेळा निघतानाच्या शिक्क्यावर होतो. पहाटेची फ्लाईट असते, कस्टमची खिडकी शोधायला कुणाला दम नसतो, आणि शिक्का राहतो. त्या देशाच्या लेखी तुमची गिटार मग तिथेच विकली गेली! ड्युटीची मागणी काही महिन्यांनी कार्नेट घेताना ठेवलेल्या हमीच्या रकमेवर येते.

आणि शिक्का बॅगा चेक-इनला टाकायच्या आधी घ्यायचा. अधिकारी वस्तू उघडून नंबर ताडून बघू शकतो. बॅग पट्ट्यावरून गेल्यावर काय दाखवणार?

यादी एकदा छापली की त्यात भर घालता येत नाही. कमी सामान नेलं तर चालतं. तारा, ड्रमस्टिक, बॅटऱ्या, विकायचे टी-शर्ट यात बसत नाहीत, कारण ते संपणार किंवा विकले जाणार.

सातपुडा_फज
+१. यात एक भर: फ्रान्समधून जर्मनीत जाताना कस्टम नाही, सगळा युरोपीय संघ कस्टमसाठी एकच. ब्रिटन २०२१ पासून वेगळं. स्वित्झर्लंड वेगळं, नॉर्वेही वेगळं. लंडन, बर्लिन, झुरिक असा दौरा असेल तर पानांचे तीन वेगळे संच लागतील. मार्ग ठरल्याशिवाय अर्ज करू नका.

नीलम_धुळे
दोनच गिटार आणि एक पेडलबोर्ड असेल तरी कार्नेट?? हमीची रक्कम कॉलेजच्या पोरांना झेपत नाही हो

भुसावळ_यार्ड
@नीलम_धुळे ताई, एवढ्यासाठी नाही. प्रवाशाने स्वतःबरोबर नेलेली वाद्यं युरोपीय संघात कार्नेटशिवाय तात्पुरती नेता येतात. मालवाहतुकीने पाठवलेलं सामान, लाईट, मोठे ॲम्प यांची गोष्ट वेगळी. आपल्या बाजूने मात्र मुंबईहून निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. नाहीतर परत येताना 'ही गिटार बाहेरून विकत आणली नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. पुन्हा तीच यादी, तेच नंबर, जमलं तर खरेदीची पावती. वेळ हातात ठेवून विमानतळावर पोचा.

नीलम_धुळे
धन्यवाद दादा 🙏 यादीला आजच बसवते दोघांना

साक्री_वायरमन
विजेचं मी लिहितो. लांब होईल, पण इथेच जास्त नुकसान होतं.

आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ब्रिटन, जर्मनी, सिंगापूर, दुबई इथे व्होल्ट जवळपास तेच, फक्त पिना बदलतात. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि एकाच देशात पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०.

आधी प्रत्येक ॲडाप्टरच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर जगात कुठेही लावा. नुसतं '२३० व्होल्ट' असेल आणि हातात जड लागत असेल, तर आत तांब्याचा ट्रान्सफॉर्मर आहे. तो अमेरिकेत निम्मंच आउटपुट देतो. ९ व्होल्टच्या पेडलला साडेचार-पाच मिळाले की ॲनालॉग पेडल घोगरं वाजतं आणि डिजिटल सारखं बंद-चालू होत राहतं. पोरांना वाटतं पेडल गेलं. पेडल ठीक असतं.

२३० चा ट्यूब ॲम्प १२० वर लावला तर ट्यूबचे हीटर पुरते तापत नाहीत, आवाज मेलेला. उलट केलं, १२० चा ॲम्प तिकडून आणून साक्रीत थेट लावला, तर फ्यूज उडतो. आणि फ्यूजच्या जागी कुणी वायर गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. १०० वॉटच्या ट्यूब ॲम्पला स्टेप-अप (व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर) न्यायचा तर किमान ५०० व्हीएचा घ्या. त्याचं वजन बघितलं की कळेल, ॲम्प तिथेच भाड्याने घेतलेला बरा.

आता अर्थिंग. बाजारातल्या 'युनिव्हर्सल' ॲडाप्टरला बऱ्याचदा अर्थची पिनच नसते. जर्मन सॉकेटमध्ये अर्थ भोकात नसतो, कडेच्या दोन पत्र्याच्या पट्ट्यांत असतो. आपला तीन पिनी प्लग सैल ॲडाप्टरने लावला की अर्थ तुटला. मग आधी घूंऽऽ सुरू होतं, आणि गाणाऱ्याने माईकला ओठ लावले की झटका बसतो. कारण गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या, माईकची जाळी मिक्सरच्या अर्थला. दोन्ही अर्थ वेगळ्या पातळीवर असले की मधला पूल म्हणजे ओठ. साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माईकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवू नका, साउंडवाल्याला बोलवा.

आवाज जावा म्हणून अर्थची पिन कधीही तोडू नका. डीआय बॉक्सवर (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलचा अर्थ सोडवायचं बटण त्यासाठीच असतं.

नेताना काय न्यायचं: त्या देशाचा अर्थवाला पक्का प्लग एक आणि आपला चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड एक. बोर्डावर फक्त पेडल आणि चार्जर. इस्त्री नको!

सातपुडा_फज
वायरमन दादा __/\__ सेव्ह केलं.
कानवाल्यांसाठी जोड: आपल्याकडची विजेची घरघर खालच्या 'जी' सुराच्या जवळ असते (जी ४९ हर्ट्झ, वीज ५०). अमेरिकेत ६० म्हणजे 'बी फ्लॅट' आणि 'बी'च्या मध्ये. 'जी'मधल्या गाण्यात इथे खपून जाणारी घरघर तिकडे बेसूर लागते. नॉइज गेट (वाजवत नसताना घरघर दाबणारं यंत्र) तिथे पुन्हा लावावं लागतं.

एरंडोल_एकतारी
बराबर शे भो 👌

फैजपूरची_तार
गिटारच्या लाकडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आपला मे महिना ४५ डिग्रीच्या घरात आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, फिंगरबोर्डच्या कडेने फ्रेटची टोकं बाहेर येतात, बोट फिरवलं की करवतीसारखी लागतात. तीच गिटार पावसाळी हवेच्या देशात गेली की लाकूड फुगतं आणि नेकचा बाक बदलतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की गिटार सुखात. ओल शोषणारी आणि सोडणारी, दुतर्फा काम करणारी आर्द्रतेची पाकिटं मिळतात ती पेटीत टाका. ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेरा, मग थांबा, तारा सुरात लावा, पुन्हा बघा. ॲलन की आणि तार कापायचा कटर चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये काढून घेतील.

तारा पूर्ण सैल करू नका. एक-दोन स्वर उतरवा, पुरे. ट्रस रॉडला समोरून ओढ हवी असते. पेटी पडली की गिटार मोडते ती नटच्या (तारा टेकतात ती वरची पट्टी) मागे, हेडस्टॉकच्या मानेत. म्हणून हेडस्टॉकच्या खाली आणि वर मऊ टी-शर्ट गच्च भरा, आत हलायला जागाच नको. थंडीतून आणलेली पेटी खोलीत लगेच उघडायची नाही. दोन-तीन तास बंद राहू दे, नाहीतर दव धरतं.

पेटी टेपने मोजा. लांबी+रुंदी+उंची १५८ सेंमीच्या वर गेली की बऱ्याच एअरलाईनमध्ये ओव्हरसाईझ. १०८+४५+१५ म्हणजे १६८, झालीच की.

शिसव विचारतात म्हणून: फिंगरबोर्डचं रोझवूड म्हणजे बऱ्याचदा आपला शिसव. २०१७ मध्ये तो साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या यादीत आला आणि सगळीकडे कागद मागायला लागले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला ही सूट नाही, ते पहिल्या यादीत आहे. जुनी विंटेज गिटार असेल तर घरी ठेवा.

ढोल_ते_डबल_बास
ड्रमर लोकहो, शेल म्हणजे ड्रमची मोठी पिंपं तिथे मिळतात. आपण न्यायचे ते 'ब्रेकेबल्स': स्नेअर, सिंबल, किक पेडल, स्टिक. सोबत हाय-हॅटचा (पायाने मिटायची सिंबलची जोडी) क्लच, सिंबल स्टँडचे फेल्ट-नट-नळ्या, दोन ड्रम की. तिथल्या स्टँडवर नळी नसली की सिंबल उघड्या लोखंडावर घासतं आणि मधलं भोक एका बाजूने लांबट होत जातं. पाच रुपयांची वस्तू, तेवढ्यासाठी सिंबल जातं.

२० इंची राइड सव्वादोन-अडीच किलो, हाय-हॅट आणि दोन क्रॅश धरून बॅगेसकट सात-आठ किलो होतात. प्रत्येक दोघांमध्ये जाड कापड. ३२ किलोच्या वरची एक बॅग सहसा कुणी उचलत नाही, म्हणून लोखंड दोन बॅगांत वाटा. स्टिक चेक-इनमध्येच.

ढोल नेणार असाल तर: २०१९ ला जर्मनीतल्या वाकेन या मेटल फेस्टिवलला ब्लडीवुड या भारतीय बॅन्डने ढोल घेऊन वाजवलंय, तेव्हा 'रॉकमध्ये ढोल कुठे' हा प्रश्न संपला. पण चामड्याची पानं टाळा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला कातडं आणि लाकूड दोन्ही डिक्लेअर करावं लागतं, अर्धवट कमावलेलं किंवा केस राहिलेलं कातडं अडकतं. शिवाय दमट हवेत पान उतरतं, आणि आपल्यासारखं स्टेजमागे जाळ करून शेकता येत नाही. सिंथेटिक पान लावा.

नीलम_धुळे
पॉवर बँक कुठे ठेवायची? हा म्हणतो बॅगेत, तो म्हणतो खिशात

साक्री_वायरमन
केबिनमध्येच, चेक-इनला कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ७४ वॉट-अवर, बसते. १०० ते १६० ला एअरलाईनची परवानगी लागते, त्यातही दोनच. छापील आकडा पुसला असेल तर काढून घेतात.

सातपुडा_फज
वायरलेस माईक-गिटारचे सेट नेऊ नका पोरांनो. रेडिओ फ्रिक्वेन्सी प्रत्येक देशाची वेगळी. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या बऱ्याच पट्ट्यात जुलै २०२० पासून वायरलेस माईक वापरायला बंदी, ती जागा मोबाईलला दिली. ब्रिटनमध्ये चॅनल ३८ ला परवाना लागतो, चॅनल ७० ला नाही. २.४ गिगाहर्ट्झवालं चालतं, पण गर्दीच्या फोनांच्या वायफायमध्ये तुटतं. सहा मीटरची केबल, दोन जादा, विषय संपला.

इनपुट लिस्ट (मिक्सरच्या कुठल्या चॅनलला कुठलं वाद्य, ती यादी) मात्र महिनाभर आधी पाठवा. १ किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), २ स्नेअर वर, ३ स्नेअर खाली, ४ हाय-हॅट, ५-६ टॉम, ७-८ ओव्हरहेड (ड्रमसेटवरचे दोन माईक), ९ बास डीआय, १०-११ गिटार, मग गळे. ढोल असेल तर त्याला दोन चॅनल, दोन्ही तोंडांना. ढोल एका माईकवर लिहिला की फक्त टिपरीची बाजू ऐकू येते, धुम नाही. फेस्टिवलला लाईन चेक (प्रत्येक चॅनलचा आवाज येतो का ते बघणं) पंधरा-वीस मिनिटांत उरकतात, तिथे यादीत नसलेला माईक कुणी शोधत बसत नाही.

तापीकाठ
व्हिसाचं थोडक्यात, कारण नियम बदलतात: मानधन घेऊन वाजवायला टुरिस्ट व्हिसा नाही. अमेरिकेत बॅन्डसाठी पी वर्गातला व्हिसा, अर्ज तिथल्या आयोजकाने किंवा एजंटने करायचा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा. मानधनातून तिथे कर कापला जातो: अमेरिकेत ३० टक्के, ब्रिटनमध्ये २०, जर्मनीत १५ आणि वर अधिभार. कापल्याचा दाखला आयोजकाकडून निघायच्या आधी हातात घ्या, इथे सीए तोच मागतो. आणि स्वतःची गाणी असतील तर सेटलिस्ट भरून द्या. गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था: ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, आपल्याकडे आयपीआरएस. सेटलिस्ट दिली नाही की तुमच्या गाण्याची रॉयल्टी तुमच्यापर्यंत येत नाही.

यावल_मावशी
सगळं वाचलं रे पोरांनो, निम्मं कळलं. मला एवढंच सांगा सोबत खायला काय देता येतं? साजूक तूप, पेढे, भरताची वांगी?

भुसावळ_यार्ड
मावशी, तूप आणि पेढे युरोपात नाहीत चालत. दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला मनाई आहे. ताजी वांगी, हिरव्या मिरच्या यांना शेतमालाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तीही नकोत. कळण्याच्या भाकरीचं पीठ, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी द्या. लोणचं दुहेरी पिशवीत, चेक-इनमध्ये.

सावदा_केळी
मावशी, केळी चालतात! युरोपीय संघात प्रमाणपत्राशिवाय नेता येणारी फळं पाचच: केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पोरांनी ती मानाने न्यावी.

यावल_मावशी
अगं बाई! हिरवी देऊ का पिकलेली?

सावदा_केळी
बोटाला कडक, देठाला हिरवी, मध्ये पिवळसर. फणी नका देऊ, सुटी करून प्रत्येक देठाला प्लास्टिक गुंडाळा, हळू पिकतात. आणि हातातल्या बॅगेतच. १३ डिग्रीच्या खाली गेली की साल काळी पडते, मग ती नीट पिकतच नाहीत.