पुरस्कार आणि वाचनालयाचे कपाट
पुरस्कारप्राप्त बालपुस्तके मुले वाचत नाहीत, या मताशी मी पूर्णतः सहमत नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि २०११ मध्ये मराठीसाठी तो दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. मालवणजवळच्या आमच्या वाचनालयातील या पुस्तकाच्या प्रतीची शिवण सुटली आहे, आणि त्याचे खापर (एरवी आम्ही फोडतो तसे) पावसाळी दमटपणावर फोडता येणार नाही, इतकी ती हाताळली गेली आहे. खरी उणीव किशोरवयीनांसाठीच्या पुस्तकांची आहे. आठवी-नववीतील मुलांना वेगळे कपाटच नसल्याने ती बालविभागातून थेट मोठ्यांच्या रहस्यकथांकडे वळतात. म्हणून खरेदीची यादी करताना पुरस्काराआधी पुस्तकाचा वयोगट तपासावा, अशी माझी सूचना आहे.