विषय: टिळकवाडीच्या घराचं स्प्रिंकलर, एक नंबर थांबेना, तीन नंबर सुरू होईना

न्यू जर्सीहून, शनिवार रात्र

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीला आई एकटी असते. बाबांनी अंगणातल्या हिरवळीसाठी आणि मागच्या चिकू-पेरूसाठी स्प्रिंकलर बसवलं होतं. भिंतीवर कंट्रोलर, जमिनीत तीन इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह, आणि बोअरचं पाणी टाकीतून उचलणारा प्रेशर पंप. पावसाळाभर ते बंदच असतं. दिवाळीनंतर आईनं सुरू केलं, तर एक नंबरच्या व्हॉल्व्हचं पाणी वेळ संपली तरी थांबत नाही. मागोमाग दोन नंबर लागतो, पण फवारा जेमतेम गुडघ्याएवढा उडतो. तीन नंबर तर लागतच नाही. प्लंबर म्हणतो पंप दमलाय, वायरमन म्हणतो कंट्रोलर गेलाय, सगळा नवीन घाला. आई रोज सकाळी कंट्रोलरची पिन काढते, तेव्हा पाणी थांबतं. फोनवर म्हणाली, "नुसतं वाहूनच जातंय की गं, जीव तुटतो बघ."

इथून मला नक्की काय करता येईल? बाबांनी हौसेनं केलेलं आहे, उखडून टाकायला मन होत नाही.

---

अनगोळहून, रविवार सकाळ

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: पिन काढली की पाणी थांबतं. पंपाची विजेची लाइन वेगळी आहे, म्हणजे पंप चालू असतानाही पाणी थांबतं. तेव्हा कंट्रोलर नवा घ्यायची घाई करू नका.

व्हॉल्व्हच्या पोटात रबरी पडदा असतो. वरच्या बाजूनं पाण्याचा दाब त्याला बसवून ठेवतो. व्हॉल्व्हवरच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, करंट मिळाला की आतला लोखंडी दांडा उचलला जातो, पडद्यावरचं पाणी बारीक वाटेनं पुढं निसटतं आणि पडदा उघडतो. आपल्याकडं पावसाळ्यानंतर विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात तांबडा गाळ येतो. तो पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह गळत राहतो, आणि मग पिन काढूनही पाणी चालूच राहतं. टाकीच्या नुसत्या उताराच्या पाण्यावर असे व्हॉल्व्ह बसवले तरी तेच होतं, कारण दहा मीटर उंचीला एक बार दाब, आणि गच्चीवरच्या टाकीचा दाब पडदा नीट बसवायला पुरत नाही. पण तुमच्याकडं प्रेशर पंप आहे आणि पिन काढताच पाणी थांबतं. पडदा शाबूत आहे. कॉइलला करंट मिळतच राहतो, हा दोष विजेचा आहे.

दोन नंबरचा जोर कमी, त्याचं कारणही मला त्यातच दिसतं. एक नंबर उघडाच असेल तर एका पंपाचं पाणी दोन्हीकडं वाटलं जाणार. पंपाला दोष देऊ नका.

आता मला एकच गोष्ट हवी आहे. कंट्रोलरला जो अडॅप्टर लावलाय त्यावर आउटपुटपुढं काय छापलंय याचा फोटो वहिनींकडून मागव. लाटेसारखी खूण असेल तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा. तो अडॅप्टर मधे कधी बदलला होता का, तेही विचार.

---

न्यू जर्सीहून, रविवार

काका, फोटो आला. २४ व्होल्ट, २ अँपिअर, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ! मे महिन्यातल्या वळवाच्या विजेत जुना जळाला होता, तेव्हा दुकानातून हा आणला म्हणे. व्होल्ट तेवढेच आहेत म्हणून कुणाला शंका आली नाही.

---

अनगोळहून, मंगळवार

काल वहिनींकडं जाऊन आलो. वायरमनलाही बोलावून घेतलं होतं. मुलगा होतकरू आहे, कन्नडमधून एकेक गोष्ट त्याला दाखवत गेलो, मीटर त्यानंच धरलं. अगोदर पिन काढली, मग वायरींना हात लावला.

एक नंबर का थांबत नव्हता, ते नीट सांगतो, कारण आपल्या मंडळींपैकी आणखी कुणाच्या घरी हे झालं असेल. कंट्रोलरच्या आत व्हॉल्व्ह चालू-बंद करायला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो एकदा चालू झाला की त्यातून जाणारा करंट शून्यावर आल्याशिवाय सुटत नाही. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. तुमच्या नव्या अडॅप्टरच्या डीसीमध्ये येतच नाही. म्हणून कंट्रोलर "बंद" म्हणाला तरी व्हॉल्व्ह उघडाच. बरेच कंट्रोलर डीसीवर सुरूच होत नाहीत, तुमचा जुना असल्यानं सुरू झाला.

यात कॉइलही भाजते. मीटरवर ३५ ओहम दाखवणारी कॉइल २४ व्होल्ट एसीवर पाव अँपिअरच्या आसपास करंट घेते, कारण एसीला गुंडाळीचा आणखी वेगळा विरोध होतो. डीसीला तो नसतो. २४ भागिले ३५, म्हणजे ०.७ अँपिअर, तेही तासन्‌तास.

वायरी कंट्रोलरमधून सोडून कॉमन (तिन्ही व्हॉल्व्हची सामाईक वायर) आणि प्रत्येक नंबर यांच्यामध्ये मोजलं. दोन नंबर ३४ ओहम, छान. एक नंबर १९. तिची गुंडाळी आत कुठंतरी एकमेकींना चिकटली आहे, ती फार दिवस काढणार नाही. तीन नंबर काहीच दाखवेना, वाट तुटलेली. मग व्हॉल्व्हचा खड्डा उघडला. चिखल आणि मुंग्यांचं वारूळ. तीन नंबरच्या कॉइलच्या दोन शेपट्यांवर मीटर लावलं तर ३५. कॉइल धडधाकट! काळी टेप सोडवली तर आत हिरवी पूड, आणि वायर हातात आली. चार महिने पाण्यात बुडणाऱ्या जॉइंटला नुसती टेप गुंडाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागं कापली आणि जेल भरलेल्या कनेक्टरनं जोडली.

बाजारातून २३० व्होल्टचे २४ व्होल्ट एसी करणारा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. लावल्यावर मोजले २६ व्होल्ट, ठीक आहे. तीन नंबर लागला, वेळ संपल्यावर आपोआप थांबला. दोन नंबरचा फवारा पार कुंपणापर्यंत जातो. कंट्रोलर तोच आहे, बाबांचा.

तू येशील तेव्हा एक कॉइल घेऊन ये, त्याच कंपनीची, नाहीतर आटे जुळत नाहीत. २४ व्होल्ट एसी आणि ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं बघून घे. तिथला अडॅप्टर मात्र आणू नकोस, तो १२० व्होल्टवर चालणारा, इथं लावताच जळेल. तोपर्यंत एक नंबरची वायर काढून ठेवली आहे. कॉइल पाव फेरा सैल केली की पाणी सुरू, घट्ट केली की बंद, हे वहिनींनी माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं.