जुलैत बाळ, मे महिन्यात नवं घर, मधेच नणंदेचं लग्न – यातलं काय सोडू?

रेशीमबागवाली

नमस्कार मंडळी. नागपूरची आहे. थोडं लांबण लागेल, पण मी चार जणांना विचारलं की चार दिशांनी उत्तरं येतात, म्हणून इथे लिहून राहिली.

मला सातवा सरत आलाय, डॉक्टरांनी 18 जुलै तारीख दिलीये. हे दुसरं. पहिला साडेपाच वर्षांचा, शाळेला सुट्ट्या लागल्यात. सकाळी दहानंतर त्याला बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून दिवसभर दिवाणावरून सोफ्यावर उड्या. राहतो रेशीमबागेत, भाड्याने, दुसरा मजला, लिफ्ट नाही. भाडेकरार 31 मेला संपतो. घरमालकांना जागा मुलासाठी हवी आहे, त्यामुळे वाढवून मिळणार नाही. बेसा साइडला फ्लॅट घेतलाय, चाव्या हातात आल्यात, पण सुताराच्या ट्रॉल्या आणि एका खोलीचा रंग बाकी.

इथपर्यंत ठीक होतं. आता पंचांग बघा. यंदा अधिक ज्येष्ठ. 17 मे ते 15 जून धोंड्याचा महिना, त्यात मंगल कार्य नाही. म्हणून जिकडेतिकडे लग्नं 16 मेच्या आत कोंबून बसवलीत. माझ्या नणंदेचं 8 मेला, अमरावतीला. सासूबाई म्हणतात, नव्या घराची वास्तुशांतही त्याच्या आतच उरकून टाकू. माझी आई म्हणते, पोटुशी बाईने होमाला बसायचं नाही, आपल्यात गरोदरपणी वास्तुशांत करतच नाहीत. बरं, अधिक संपल्यावर करावी म्हटलं तर मला नववा लागतो. मग बाळंतपण, मग सोयर, 25 जुलैला आषाढी. चातुर्मास बसला की थेट तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे एक तर आत्ता, नाहीतर नोव्हेंबरात.

आणि कुरडया! सासूबाईंचा सगळ्यात मोठा घोर हाच. नव्या बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप असतं, वर सोलरची पाटं आहेत, वाळवण घालू देत नाहीत. त्यामुळे यंदाच्या कुरडया, मुगवड्या, साबुदाण्याच्या चकल्या सगळं याच गच्चीवर, घर सोडायच्या आत. पाच किलो गहू आणूनही झाले.

ऑफिसात चौकशी केली तर बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची, पण तारखेच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येते. म्हणजे 23 मेच्या आत मला ती रजा लागू होत नाही. तोवर रोज सीताबर्डीला जाणं-येणं. आणि 25 मेला नवतपा लागतो, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तो काय असतो ते विदर्भातल्यांना सांगायला नको.

वर आईने जावयाला धोंड्याचं वाण द्यायला यवतमाळला बोलावलंय. मला नाही. मला म्हणे प्रवास नको. जावयाला पुरणाचे धोंडे आणि मी इथे खोक्यांवर चिकटपट्टी लावत.

तर विचारायचं हे, की यातलं काय सोडू? आणि सामान हलवायचं ते लग्नाआधी, लग्नानंतर, की रजा लागल्यावर?

वऱ्हाडीकाकू

पोरी, आधी बस. थंड पाणी पी.

राहायला जाणं वेगळं आणि वास्तुशांत वेगळी. तुझी आई म्हणते ते बरोबर आहे, आमच्याकडेही पोटुशीला होमापाशी बसवत नाहीत. आता धार्मिक कारण बाजूला ठेव, मे महिन्यात बंद फ्लॅटात होम म्हणजे धुराने डोळे सुजतात, धडधाकट माणूस उठून गॅलरीत पळतं. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर असं करा: 16 तारखेच्या आत एक बरा दिवस बघून देव नेऊन ठेवा, कळस मांडा, दिवा लावा, नव्या शेगडीवर दूध उतू घाला. साखरभात करून चार माणसं जेवा. घरात पाऊल पडलं की झालं. नंतर सामान अधिकात न्या नाहीतर कधी न्या, कोण विचारतं. वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर बाळाला मांडीवर घेऊन करा, फोटोही चांगले येतील.

कुरोड्या मात्र सोडू नका. लोक म्हणतील विकत मिळतात. मिळतात, पण त्या तळल्या की ताटात खडखड वाजतात. फक्त तू लांब राहा. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदललं तरी तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो तो तुला या दिवसात सोसणार नाही. चीक हटायला दोन माणसं लागतात, एकाने पातेलं धरायचं, एकाने लाकडी दांड्याने घोटत राहायचं, आणि तो जड होत जातो. पांढरा चीक पारदर्शक दिसायला लागून चकाकला की उतरवायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. हे दिरांना आणि नवऱ्याला करू दे. तू खुर्चीवर बसून वाटीभर गरम चीक खा, वर तेल-मीठ घालून. तुझ्या पोरालाही दे, तो दूध-साखर मागेल. सकाळी सहाला गच्चीवर घातलं की नऊला सगळे खाली आले पाहिजेत.

बेसाकर

मी तुमच्याच भागात राहायला आलेला आहे, म्हणून बोलतो. घरात राहायला जायच्या आधी दोन गोष्टी बिल्डिंगमध्ये विचारा. पाणी आणि कुलर.

इकडे बऱ्याच बिल्डिंगा बोअरवेलवर आहेत, मे महिन्यात पाणी खाली जातं आणि टँकर सुरू होतात. टँकर किती वाजता येतो, टाकी किती वाजता भरते, हे सेक्रेटरीला नाही, वॉचमनला विचारा. सेक्रेटरी सांगेल "पाण्याचा प्रॉब्लेम नाही."

कुलरचं असं की रेशीमबागेतल्या घराला मागे गॅलरी असेल, तिथे लोखंडी स्टँडवर ठेवला की झालं. नव्या फ्लॅटांच्या खिडक्यांना बाहेरून स्टँड लावू देत नाहीत. मग लोक कुलर खोलीच्या आत ठेवतात, दारं-खिडक्या बंद करतात आणि म्हणतात गार होत नाही. होणारच नाही. कुलरला बाहेरची कोरडी हवा आत ओढावी लागते आणि समोरून निघायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. तुमच्या बेडरूमचं हे आत्ताच बघून घ्या, कुलरच्या ताट्या नव्या टाका. जमत असेल तर एका खोलीला एसी लावा, जुलैत पाऊस सुरू झाल्यावर कुलर तसाही कामाचा राहत नाही आणि बाळ तेव्हाच यायचंय. आणि पावसाळा लागला की कुलरची टाकी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवा. डेंग्यूचे डास तिथेच होतात.

हलवायचं म्हणाल तर माझं मत: लग्न झाल्यावर आणि नवतपा लागायच्या आत, म्हणजे 9 ते 24 मेच्या मधे. गाडी पहाटे साडेपाचला दारात उभी करा. तुमचा दुसरा मजला बिनलिफ्टचा, हमाल अकरानंतर कपाट खाली आणायला तयार होत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. फ्रिज उभाच न्या, पोचल्यावर लगेच चालू करू नका, काही तास टेकू द्या. गॅसचा सिलेंडर गावातल्या गावात परत करावा लागत नाही, कनेक्शन नव्या भागातल्या एजन्सीकडे वळवून घ्यायचं असतं, ते आधीच टाका. नाहीतर नव्या घरात दूध उतू घालायलाही गॅस नसायचा.

अजून एक, दवाखाना कुठे आहे तुमचा? धंतोलीत असेल तर बेसाहून संध्याकाळी सहा-सातला एकदा गाडीने जाऊन बघा. रेशीमबागेहून दहा मिनिटांत पोचायची सवय असेल, ती इथे विसरा.

नर्सताई_वर्धा

मी प्रसूती विभागात काम करते. तुमच्या डॉक्टरांच्या शब्दापुढे माझा शब्द धरू नका, पण थोडं सांगते.

उन्हात पाणी कमी पडलं की पोट कडक होऊन कळा आल्यासारखं होतं. मे महिन्यात अशा बाया आमच्याकडे येतात, सलाईन आणि आराम मिळाला की बऱ्याच जणींचं शमतं. पण घरी बसून "शमेल" म्हणून वाट बघायची नाही. अंगावर रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यापुढे अंधुक व्हायला लागलं, चेहरा-हात एकदम सुजले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर लग्नाचा मांडव असो की सामानाचा ट्रक, सरळ दवाखाना. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. गरोदर बायकांसाठी 102 ही आहे.

अमरावती दीडशे किलोमीटर आहे, डॉक्टर हो म्हणाले तर जा. पहाटे निघा, वाटेत उतरून पाय मोकळे करा. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली मांड्यांच्या वर बसला पाहिजे. फाइल, रक्तगटाचा कागद आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये. सुटकेस वऱ्हाडाच्या बसमध्ये जाते आणि मग कुणालाच सापडत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या सोबतही नको.

साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांत करतात. तुमच्या तारखेवरून बघता अठ्ठाविसावा आलाच. झाली नसेल तर लग्नाच्या बुंदीआधी करून घ्या.

रंगाचं विचारलं नाहीत, पण मी सांगणार. भिंतीच्या पाण्याच्या रंगापेक्षा मला ट्रॉल्यांचं सोल्युशन आणि पॉलिश जास्त खटकतं. ते काम चालू असताना "बघून येते" म्हणून जाऊ नका, फोटो मागवा. काम संपल्यावरही दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून घर हवेशीर होऊ द्या. झुरळांची फवारणी करायची असेल तर ती तुम्ही राहायला जायच्या बऱ्याच आधी. आणि खोकी उचलायची नाहीत. "हलकं आहे" म्हणून पुस्तकांचं खोकं उचलणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

कोथरूडकर

पुण्यातून एक शंका. 42 अंशात लग्न, कुरडया, सामान आणि वास्तुशांत एकाच महिन्यात बसवणाऱ्या माणसांना 'आळशी विदर्भ' कोण म्हणतं?

बेसाकर

42 ला आम्ही गारवा म्हणतो. मात्र 2024 मध्ये नागपुरात 56 अंशांचा आकडा फिरला होता तो खरा धरू नका, ते यंत्रच बिघडलेलं निघालं.

रेशीमबागवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना हा धागाच वाचून दाखवला. वऱ्हाडीकाकूंचं आल्यावर त्या म्हणाल्या, "ही बाई शहाणी आहे." वास्तुशांत नोव्हेंबरावर गेली. मी सांगून जे होत नव्हतं ते अनोळखी काकूंनी करून दाखवलं, याचं थोडं वाईट वाटून घेतलं आणि सोडून दिलं.

आता असं ठरलंय. गहू उद्या भिजणार. चीक हटायचं काम नवरा आणि दीर यांच्याकडे, दोघांनीही आयुष्यात चीक फक्त खाल्लाय. मी खुर्चीवर. लग्नाला डॉक्टरांनी हो म्हटलं तर एक दिवस आधी जाणार, हळदीत नाचणार नाही असं नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, तू पहिल्यांदाही नाचली नव्हतीस. परत आल्यावर कळस आणि दूध, त्यानंतर 23 मेच्या शनिवारी सामान. गाडीवाल्याला पहाटेचं सांगितलंय. त्या दिवशी मी आणि मुलगा नणंदेच्या रिकाम्या खोलीत, सासऱ्यांच्या ताब्यात. मला तिथे नेऊच नका असं मीच म्हटलं, कारण मी गेले तर कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून हमालांशी बोलत बसणार.

सोडलं काय म्हणाल तर मुगवड्या सोडल्या. आणि ऑफिसचं एक ट्रेनिंग. धोंड्याचं वाण घ्यायला नवरा एकटा जाणार आहे, डब्यात माझे धोंडे आणायच्या अटीवर.

एकच राहिलं. बाळाचा जन्मदाखला. दवाखाना धंतोलीत, आधारवर रेशीमबाग, राहणार बेसाला. आधी आधार बदलू का?

नर्सताई_वर्धा

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मतं तिथल्या निबंधकाकडे होते, तुम्ही कुठे राहता त्यावर नाही. दवाखान्यात जन्म झाला की कळवायचं काम दवाखान्याचं, 21 दिवसांच्या आत. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं, त्यासाठी बारशाची वाट बघत बसू नका. आधारचा पत्ता सवडीने बदला. पण दवाखान्यात जो फॉर्म भरून घेतात त्यात आई-बापाची नावं आधारवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहा. इंग्रजी स्पेलिंग स्वतः तपासा आणि मगच सही करा. तेव्हा तुम्ही झोपेत असणार, म्हणून हे काम आत्ताच नवऱ्याला देऊन ठेवा.