'फॅटी लिव्हर'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुजा_क: तपासणी शिबिराच्या पत्रकात 'मेदयुक्त यकृत' लिहिलं. मावशींनी वाचलं नि म्हणाल्या, "युक्त म्हणजे चांगलंच की, प्रथिनयुक्तसारखं!" 'यकृतावर चरबी' चालेल का?

डॉ_सुंठसाखर: 'वर' नको. चरबी वरून थापलेली नसते, पेशींच्या आत साठते. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आलेला माणूस आधी हेच म्हणतो, "मी तर थेंबही घेत नाही!" दारूच लागते असं नाही, मधुमेह आणि सुटलेलं पोट पुरतं. नुसती चरबी असेल तर वजन उतरवून बरीच मागे फिरते. काहींना मात्र पुढे सूज येते, मग व्रण धरतात, मग सिरॉसिस. म्हणून सरसकट 'लिव्हरला सूज'ही लिहू नका.

बोरूबहाद्दर: सिरॉसिस कशाला? 'यकृतकाठिण्य' म्हणा.

तिखटमीठ: ओपीडीत म्हणून बघा एकदा! आणि मूळ शब्दात काठिण्य नाहीच. स्टेथोस्कोपवाल्या लाएनेकने १८१९ मध्ये तो ग्रीकमधल्या पिवळसर-तपकिरी रंगावरून केला. इंग्रजीवाल्यांनी तर २०२३ मध्ये त्या दुखण्याच्या नावातून 'फॅटी'च काढलं, रुग्णाला लागतं म्हणून.

रस्सावाला: 'काळीज' का नको? मटणवाल्याकडे कलेजी मागा, लिव्हरच मिळतं.

बोरूबहाद्दर: काळजाचा ठोका चुकतो. यकृताला ठोके कुठले?

रस्सावाला: अमरकोशात यकृताला 'कालखंड' म्हटलंय. काळीज त्याच गोतावळ्यातलं, असं माझं मत. फारसी 'जिगर' म्हणजेही यकृतच. जिगरी दोस्त म्हणजे यकृतमित्र!

माहेरवाशीण: आमच्याकडे एवढं काही नव्हतं, कावीळ एवढाच शब्द. आजोबा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन उतरवायचे, पाणी पिवळंधमक व्हायचं.

डॉ_सुंठसाखर: कावीळ हे लक्षण आहे. पित्तनलिकेत खडा अडकला तरी होते, तांबड्या पेशी भराभर फुटल्या तरी होते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस (विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज) ए आणि ई बहुतेकांची आपोआप बरी होते, श्रेय आजोबांना. रक्तातून येणारी बी आणि सी वर्षानुवर्षं गप्प बसते. डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका.

बोरूबहाद्दर: वर कुणी 'काविळ' लिहील म्हणून आधीच सांगतो: वी दीर्घ. 'काविळीचा' मध्ये मात्र ऱ्हस्व.

अनुजा_क: अहो, पत्रक उद्या छपाईला जातंय…

माहेरवाशीण: आमच्याकडे 'कामीण' म्हणतात. तिथे मी दीर्घ ना?