जुना फोरट्रान सॉल्व्हर लॅबमधल्या ३० मशीनवर कसा चालवायचा?

साचा_शिरोली
कास्टिंग गोठण्याचं गणित करणारा फोरट्रान ७७ मधला प्रोग्रॅम आहे. सुमारे १४ हजार ओळी. सोर्स हाताशी आहे, पण लिहिणारे आता नाहीत. विंडोजवर ३२ बिट एक्सई म्हणून चालतो. 'इनपुट.डॅट' याच नावाची फाईल चालू फोल्डरमधून वाचतो, तीन फाईली काढतो, मध्येच दोन ठिकाणी एंटर मागतो. एका रनला ३५ मिनिटं आणि १.२ जीबी मेमरी.

ग्रे आयर्नच्या एका पार्टसाठी ओतायची ५ तापमानं, रायझरचे (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याचे) ८ व्यास आणि वाळूच्या उष्णतावाहकतेचे ६ आकडे, म्हणजे २४० रन हवेत. एका मशीनवर १४० तास जातात. कॉलेजची लॅब संध्याकाळनंतर मिळतेय: ३० पीसी, प्रत्येकी ४ कोअर, ४ जीबी रॅम, उबुंटू. पुढं शिरोली, गोकुळ शिरगावच्या इतर फाउंड्र्यांनाही ब्राउझरमधून आकडे भरता यावेत. पायथॉनमध्ये नव्यानं लिहायचा का?

कॉमन_ब्लॉक
अजिबात लिहू नका. २४० रन एकमेकांपासून सुटे आहेत, एकाला दुसऱ्याचं काही विचारायचं नाही. अशा कामाला एचटीकॉन्डर (मशीनवर जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर) पुरतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून रिकाम्या पडलेल्या डेस्कटॉपांसाठीच तो वाढवलाय. जुन्या ट्युटोरियलमध्ये ग्लोबस टूलकिट, म्हणजे काम वाटायचं दुसरं सॉफ्टवेअर, दिसेल. त्याचा सपोर्ट मूळ टीमनं २०१८ मध्ये थांबवला, त्या वाटेला जाऊ नका.

१२० कोअर बघून १२० जॉब धरू नका (जॉब म्हणजे कॉन्डरचा, मोल्डिंगचा नव्हे). ४ जीबीत १.२ चे तीन बसवले तर उबुंटूला जागाच उरत नाही, स्वॅप (मेमरीऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो आणि ३५ मिनिटांचे तीन तास होतात. कॉन्डरला जॉब सांगायच्या सबमिट फाईलमध्ये मेमरीची मागणी १५०० एमबी लिहा, म्हणजे मशीनवर दोनच जॉब बसतील. ६० जागा, ४ फेऱ्या, साधारण २ तास २० मिनिटं.

प्रत्येक जॉबला कॉन्डर स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर देतो, त्यामुळं 'इनपुट.डॅट' हे ठरावीक नाव अडचणीचं नाही. फाईल ट्रान्सफर चालू ठेवा. सगळ्यांनी एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये लिहायला सुरुवात केली की आउटपुटची खिचडी होते.

ओळ_७२
वरच्या उत्तरात भर. लिनक्सवर जीफोरट्राननं (फोरट्रानच्या कंपायलरनं) बांधताना नेमकं इथं अडतं:

'नो ऑटोमॅटिक' पर्याय द्या. जुने कंपायलर सबरूटीनमधली लोकल किंमत पुढच्या कॉलपर्यंत टिकवायचे, आणि कोड त्याच भरवशावर लिहिलेला असतो, 'किंमत टिकव' सांगणारं सेव्ह न लिहिता. हा पर्याय नसेल तर तिथं कचरा येतो, तोही कधी येतो, कधी नाही.

एंटर मागणारे पॉझ काढून टाका. हे सगळ्यात फसवं. जीफोरट्रान तिथं 'गो' टाइप व्हायची वाट बघतो. कॉन्डरमध्ये कीबोर्ड नसतो, म्हणून प्रोग्रॅम तिथंच संपतो आणि एक्झिट कोड ० देतो. कॉन्डरच्या लेखी जॉब यशस्वी. तसंच स्टॉपपुढं मजकूर असला तरी कोड ० च जातो. चुकीच्या जागी असलेले स्टॉप बदलून 'स्टॉप २' करा.

ओपनमध्ये स्टेटस 'न्यू' असेल तर 'रिप्लेस' करा. फाईलनावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं लिनक्सला वेगळी. प्रोग्रॅम सुरू करणारी रॅपर स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहू नका, ओळीच्या शेवटच्या जादा अक्षरानं ती चालतच नाही. आणि बांधायचं ते लॅबमधल्या सगळ्यात जुन्या उबुंटूवर, नाहीतर जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) आवृत्तीवरून बाकीची मशीन नकार देतात.

पडताळणीला आधी जुन्या एक्सईचे तीन रन घ्या. बिट न् बिट जुळायची अपेक्षा नको: ३२ बिट एक्सई बहुधा ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये हिशेब करते, नवी बांधणी ६४ किंवा ३२ मध्ये. सिंगल प्रिसिजनला पाचव्या सार्थ अंकापर्यंत जुळलं तरी चालेल. अचूकता सोडून वेग देणारा फास्ट-मॅथ पर्याय लावू नका.

साचा_शिरोली
धन्यवाद. पॉझ काढले, ६ रन टाकले. सगळे ४ सेकंदांत संपले, कोड ०. निकालात पूर्ण कास्टिंग पहिल्याच स्टेपला घट्ट झालेलं! इनपुट फाईल आता पायथॉननं बनवतो, तापमान १३८० बरोबर लिहिलंय. विंडोजवर जुनी फाईल नीट चालते.

कॉमन_ब्लॉक
रीडचा फॉरमॅट बघा. एफ ८.३ असणार, म्हणजे ८ जागा, ३ दशांश. त्यात टिंब नसेल तर शेवटचे तीन अंक दशांश धरले जातात, म्हणजे तुमचं १३८० प्रोग्रॅमला १.३८० दिसलं. एक अंश तापमानाचं लोखंड ओतलंत, ते घट्टच असणार. जुनी फाईल उघडून बघा, तिथं १३८०.० असेल. पायथॉनमध्ये ८ जागांत ३ दशांश, उजवीकडं सरकवून, असंच छापा. कॉलम एकानं जरी सरकला तरी प्रोग्रॅम तक्रार न करता चुकीचा आकडा घेतो, म्हणून वाचलेले आकडे परत छापणारी एक ओळ कोडमध्ये टाका.

ओळ_७२
ब्राउझरच्या भागाचं. सॉल्व्हरला लायब्ररी करून सर्व्हरमध्ये घालू नका. कॉमन ब्लॉकमध्ये (सबरूटीनांच्या सामायिक मेमरीत) पहिल्या गिऱ्हाईकाचे आकडे राहतात आणि दुसऱ्याच्या रनमध्ये उतरतात. एक विनंती, एक प्रोसेस, एक फोल्डर. फॉर्म भरला की आकड्यांच्या मर्यादा तपासा, जॉब रांगेत टाका आणि लगेच टोकन नंबर परत द्या. ३५ मिनिटं कनेक्शन धरून ठेवलंत तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ६० सेकंदांत तोडतो. पान टोकनवरून स्थिती विचारत राहील. पार्टचं नाव शेल कमांडमध्ये तसंच घालू नका, फक्त टोकन घाला.

लाईट गेली आणि मशीन परत आलं नाही, तर कॉन्डर ४० मिनिटांपर्यंत त्याची वाट बघतो, मग जॉब दुसरीकडं पहिल्यापासून सुरू करतो. इथं जॉबच ३५ मिनिटांचा, तेव्हा ही वाट बघायची मुदत, म्हणजे लीज, ६०० सेकंदांवर आणा. लॅबमध्ये पोरं कीबोर्डला हात लावतात तेव्हाही तेच, काम पहिल्यापासून. त्यासाठी दर ५०० स्टेपला तापमानाचा ॲरे फाईलमध्ये टाका, आधी तात्पुरत्या नावानं लिहा आणि मग नाव बदला, म्हणजे अर्धवट फाईल राहणार नाही. ट्रान्सफरची वेळ 'एक्झिट किंवा इव्हिक्ट' (जॉब संपला किंवा मशीनवरून हटवला तेव्हा) ठेवा. मात्र लाईट गेल्यावर ही फाईलही त्या मशीनबरोबरच जाते, तिथं इलाज यूपीएसच.