शोधनिबंध आधी आर्काइव्हवर टाकावा, की छापून येईपर्यंत थांबावं?

कलिनाकर: आमच्या गाइड मॅडम म्हणतात, जर्नलमध्ये छापून येईपर्यंत चकार शब्द बाहेर काढायचा नाही. मला हे अजिबात पटत नाही. माझा निबंध १४ महिने रेफरींकडे, म्हणजे छापण्याआधी तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, पडून होता. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी अमेरिकेत लॉस अलामॉसमध्ये आर्काइव्ह (arXiv) सुरू केलं: छापण्याआधीच निबंध सगळ्यांना वाचायला ठेवायची ऑनलाइन जागा. त्याआधी प्रीप्रिंट, म्हणजे न छापलेल्या निबंधाच्या प्रती, टपालाने जायचे आणि कुणाला मिळणार ते ओळखीवर ठरायचं. आता कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत बसलेल्याला आणि डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या मला तोच निबंध एकाच सकाळी मिळतो. हे मला सोडायचं नाही.

सूक्ष्मदर्शिका: भौतिकशास्त्रात ठीक आहे. मी परळला सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतल्या एका गटाने बायोआर्काइव्हवर (जीवशास्त्रासाठीची तशीच जागा) निबंध टाकला: नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे आहेत. काही दिवसांतच तो मागे घेतला. पण तोवर ‘विषाणू प्रयोगशाळेत बनवला’ हे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं होतं. मागे घेतल्याचं कुणीच फॉरवर्ड केलं नाही. शेजारचे काका वर्षभर मला तेच ऐकवत होते.

कलिनाकर: मागे घेतला तो उघड्यावर होता म्हणूनच ना? ते तुकडे इतके छोटे की कितीतरी जिवांत सापडतील, हे लोकांनी लगेच दाखवून दिलं. याउलट, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा निबंध ‘द लॅन्सेट’ने १९९८ साली रीतसर छापला. मागे घ्यायला २०१० उजाडलं!

ठाणेकर: +१. २०१८ साली बंगळुरूहून खोलीच्या तापमानाला अतिवाहकतेचा (वीज काहीही रोध न होता वाहण्याचा) दावा आर्काइव्हवर आला, तेव्हा दोन वेगळ्या मोजमापांतला नॉइज (आपोआप होणारे बारीक चढउतार) हुबेहूब जुळतो हे अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने पकडलं. जाहीरपणे.

सूक्ष्मदर्शिका: पकडलं, पण कुठे? ट्विटरवर, इंग्रजीत. आमच्या काकांपर्यंत चूक मराठीत पोचते आणि दुरुस्ती इंग्रजीतच राहते. त्याचं काय करायचं?

कलिनाकर: याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरंच. पुढचा निबंध टाकताना सोबत व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत चार ओळी लिहीन: काय सापडलं, कशाची अजून खात्री नाही. चुकलो तर तेही मराठीतच, त्याच ग्रुपवर. तुम्ही आधी वाचाल का?

सूक्ष्मदर्शिका: जरूर वाचीन. पण औषधाचा किंवा लसीचा दावा असेल तर तपासणीआधी टाकायचा नाही, यावर मी ठाम आहे.